थायरॉइड काढल्यानंतरचा मेंदू: गोळी, रक्ततपासणी आणि वही यांचा मेळ कसा घालायचा

तीस वर्षं मी शाळेत गणित शिकवलं. थायरॉइडच्या कॅन्सरवरच्या रेडिओ आयोडीनच्या (किरणोत्सर्गी आयोडीनच्या) उपचारासाठी थायरॉइडची गोळी बंद केल्याला तेविसावा दिवस होता. भाजीवाल्याने चार जुड्या दिल्या, सतरा रुपयांना एक, आणि मला उत्तर सुचेना. सतरा चोक अडुसष्ट हे आयुष्यभर जिभेवर असलेलं उत्तर. मी पैसे हातात धरून उभी राहिले. शेवटी त्यानेच सांगितलं, "अडुसष्ट झाले, ताई."

घरी येऊन रडले. वाटलं, कॅन्सर मेंदूत गेला. तसं काही नव्हतं. माझा मेंदू शाबूत होता, फक्त त्याचा शिधा कमी पडला होता. हे मला आधी कुणी नीट समजावून सांगितलं असतं तर तो महिना इतका भयाण गेला नसता. म्हणून हा लेख लिहिते आहे. ज्यांची थायरॉइडची ग्रंथी ऑपरेशनने काढली आहे त्यांच्यासाठी, आणि त्यांच्या घरच्यांसाठीही. मी डॉक्टर नाही. गोळीचा डोस बदलणं हे तुमच्या डॉक्टरांचंच काम आहे. त्यांच्यापुढे नीट माहिती ठेवणं मात्र आपल्या हातात आहे.

आधी समजून घ्या: मेंदूला हे हार्मोन कशाला लागतं

मेंदू शरीराच्या वजनाच्या जेमतेम २ टक्के, पण स्वस्थ बसलेलं असताना शरीर जी ऊर्जा खर्च करतं तिच्यातला सुमारे पाचवा हिस्सा एकटा मेंदू खातो. ही ऊर्जा मुख्यतः ग्लुकोजमधून येते, आणि ते किती वेगाने जाळायचं यावर थायरॉइड हार्मोनचा ताबा असतो.

ग्रंथी दोन हार्मोन्स तयार करते. टी-४ भरपूर, टी-३ थोडं. प्रत्यक्ष काम करतं ते टी-३. मी घरी असं समजावते: टी-४ म्हणजे तांदूळ, टी-३ म्हणजे शिजलेला भात. निरोगी माणसाच्या शरीरातला सुमारे ८० टक्के भात ग्रंथीच्या बाहेर, निरनिराळ्या अवयवांत शिजतो. आपण रोज घेतो ती लेव्होथायरॉक्सिनची गोळी म्हणजे नुसता तांदूळ. ग्रंथी नसलेल्या माणसाच्या शरीरातही टी-४ पासून टी-३ तयार होतं, हे १९७० साली अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवलं. आपण एका गोळीवर जगू शकतो ते याच कारणाने.

मेंदूची तऱ्हा थोडी वेगळी आहे. यकृत किंवा मूत्रपिंड रक्तातला तयार भात बराचसा उचलतात. मेंदू मुख्यतः तांदूळ आत घेतो आणि घरच्या घरी शिजवतो. हे काम अ‍ॅस्ट्रोसाइट नावाच्या ताऱ्यासारख्या पेशी करतात. त्या टी-४ चं टी-३ करून शेजारच्या चेतापेशींना वाढतात. रक्तातलं टी-४ घटलं की चूल मोठी करायची आणि उष्टं टाकणं बंद करायचं, हेही मेंदूला जमतं. टी-३ तयार करणारं एन्झाइम वाढतं, टी-३ निकामी करणारं कमी होतं. त्यामुळे तांदूळ थोडे दिवस कमी पडला तर मेंदू निभावून नेतो. डबाच रिकामा झाला तर मात्र चूल कितीही पेटवा, शिजवणार काय?

हे मोजलेलं आहे. २००१ साली फ्रान्समधल्या एका गटाने थायरॉइडच्या कर्करोगासाठी पूर्ण ग्रंथी काढलेल्या १० रुग्णांचे पेट स्कॅन (अवयव किती इंधन वापरतो ते मोजणारी तपासणी) केले, गोळी बंद असताना आणि गोळी चालू असताना. गोळी बंद असताना मेंदूचा रक्तप्रवाह सुमारे २३ टक्क्यांनी आणि ग्लुकोजचा वापर सुमारे १२ टक्क्यांनी कमी भरला. ही घट कुठल्या एका कोपऱ्यात नव्हती, सगळा मेंदूच मंदावला होता. त्याच काळात रुग्णांची उदासी आणि चिंता वाढलेली होती, हालचालीही संथ झाल्या होत्या. हे वाचलं तेव्हा मला फार हलकं वाटलं. मी आळशी झाले नव्हते, मनाने खचले नव्हते. दिवा तोच होता, व्होल्टेज कमी होतं.

यात नवीन काही नाही, हेही सांगते. १८७४ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बर्नला थिओडोर कोखर या सर्जनने ११ वर्षांच्या एका मुलीची सगळी ग्रंथी काढली. ऑपरेशन उत्तम झालं. काही वर्षांनी त्यांनी तिला परत पाहिलं, तेव्हा धाकटी बहीण उंचीने तिच्या पुढे गेली होती, आणि ही मंद, सुजलेली, स्वतःत हरवलेली झाली होती. कोखरनी आपले बाकीचे रुग्ण शोधून बोलावले आणि १८८३ मध्ये जाहीरपणे मांडलं की संपूर्ण ग्रंथी काढल्याने हे होतं. १९०९ चं नोबेल त्यांना मिळालं. पण त्या मुलीला द्यायला तेव्हा गोळी नव्हती. मेंढीच्या ग्रंथीचा अर्क टोचून रुग्ण बरा करण्याचा पहिला यशस्वी प्रयोग न्यूकॅसलच्या जॉर्ज मरी यांनी केला तो १८९१ मध्ये. माझ्या डबीतल्या पांढऱ्या गोळीकडे मी आता वेगळ्या नजरेने बघते.

पहिलं पाऊल: घरी जाण्यापूर्वी चार गोष्टी लिहून घ्या

डिस्चार्जच्या दिवशी सगळे घाईत असतात. तरी हे विचारा.

ग्रंथी पूर्ण काढली की अर्धी? अर्धी राहिली असेल तर उरलेला भाग अनेकांना पुरतो, काहींना पुढे गोळी लागते. पूर्ण काढली असेल तर गोळी आयुष्यभर, यात मधला मार्ग नाही.

गाठ साधी होती की कर्करोगाची? माझा टीएसएच किती ठेवायचा आहे? टीएसएचचा प्रश्न कुणी विचारत नाही, आणि पुढच्या निम्म्या गोंधळाचं मूळ तिथेच असतं. टीएसएच हा मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीचा संदेश आहे, हार्मोन कमी पडलं की तो वाढतो. साध्या गाठीसाठी तो सामान्य मर्यादेत ठेवतात. कर्करोगात, अमेरिकन थायरॉइड असोसिएशनच्या २०१५ च्या मार्गदर्शनाप्रमाणे, धोका कमी असेल तर सहसा ०.५ ते २ आणि धोका जास्त असेल तर ०.१ च्याही खाली. म्हणजे रिपोर्टमध्ये ठळक अक्षरांत कमी असं छापून आलेला आकडा तुमच्यासाठी मुद्दाम ठेवलेला असू शकतो. तो बघून शेजारच्या काकूंच्या सल्ल्याने गोळी अर्धी करू नका.

आणि चौथं, पॅराथायरॉइडबद्दल विचारा. थायरॉइडच्या मागे चार बारीक ग्रंथी असतात, त्या रक्तातलं कॅल्शियम सांभाळतात. ऑपरेशनमध्ये त्यांना धक्का बसला तर कॅल्शियम उतरतं. ओठांभोवती, बोटांच्या टोकांना मुंग्या, हातापायात गोळे, जिवाची घालमेल. पहिल्या काही दिवसांतली ही घालमेल थायरॉइड हार्मोनची नसते, कारण रक्तात टी-४ अजून पुरेसं असतं. ही कॅल्शियमची आहे, तिला थांबायचं नाही. त्याच दिवशी फोन करा. हात आखडू लागले किंवा झटका आला तर थेट इस्पितळात.

दुसरं पाऊल: गोळी घ्यायची शिस्त

पूर्ण ग्रंथी काढल्यावर डोस साधारण वजनाच्या दर किलोला १.६ मायक्रोग्रॅम धरतात. ६० किलोच्या माणसाला शंभरच्या आसपास. वय, हृदयाचा त्रास, टीएसएचचं लक्ष्य यावरून डॉक्टर तो कमी-जास्त करतात.

गोळी अनशापोटी, नुसत्या पाण्याबरोबर, आणि नंतर अर्धा ते एक तास काही नाही. आपल्याकडे सगळ्यात अवघड जातो तो चहा. डोळे उघडले की चहा लागणाऱ्या घरात मी वाढले. दुधामुळे गोळी नीट शोषली जात नाही, कॉफीनेही तोच घोळ होतो. मी गोळी आणि पाण्याचा तांब्या उशाशी ठेवते. पाचला जाग आली की गोळी, सहाला चहा. हे ज्यांना जमतच नाही त्यांनी डॉक्टरांना विचारून रात्री झोपताना घ्यावी, जेवण होऊन तीन तास झाल्यावर. वेळ कुठलीही चालेल, पण रोज तीच.

कॅल्शियम आणि लोह यांच्यापासून चार तासांचं अंतर. ऑपरेशननंतर आपल्यातले बरेच जण कॅल्शियमवर असतात आणि सकाळी सगळ्या गोळ्या एका घोटात घेऊन मोकळे होतात. मी स्वतः दीड महिना हेच केलं. टीएसएच खाली येईना, डोस वाढवायची वेळ आली, तेव्हा डॉक्टरांनी फक्त एवढंच विचारलं, "कॅल्शियम कधी घेता?" कॅल्शियम दुपारच्या जेवणानंतर ढकललं आणि जुनाच डोस पुरला. अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या आणि सोयाबीन यांचाही असर होतो. ते घेत असाल तर सांगा.

उपासाबद्दल मला बायका नेहमी विचारतात. हरतालिकेला कडक उपास असला तरी गोळी घोटभर पाण्याबरोबर घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे. रोजे असतील तर सहेरीच्या अर्धा-एक तास आधी, किंवा रात्रीच्या जेवणानंतर तीन तासांनी. ज्यात बसेल ते आधीच ठरवून ठेवा.

एखाद्या दिवशी विसरलात तर घाबरू नका. टी-४ शरीरात निम्मं व्हायला सुमारे सात दिवस लागतात, त्यामुळे एका दिवसाने मेंदूला काही कळतही नाही. काही डॉक्टर दुसऱ्या दिवशी दोन घ्यायला सांगतात. तुमच्या डॉक्टरांना एकदा विचारून वहीत लिहून ठेवा. बाटली कोरड्या, थंड, अंधाऱ्या जागी. कोकणातल्या पावसाळ्यात न्हाणीघराच्या फळीवर किंवा ओट्याशेजारी ठेवू नका, मेमध्ये गाडीत राहू देऊ नका. ओलावा, ऊन आणि उजेड, तिन्हींनी ती कमजोर होते. कंपनी एकदा ठरली की शक्यतो बदलू नका. बदलावीच लागली तर सहा आठवड्यांनी टीएसएच परत बघा.

आता कोबी, फ्लॉवर. "थायरॉइड आहे ना, मग कोबी नको" हे वाक्य मी शंभरदा ऐकलं आहे. या भाज्यांचा दोष असेल तर तो ग्रंथीला आयोडीन घेऊ न देण्याचा. तुमच्याकडे ग्रंथीच नाही. अडवायचं कुणाला? खुशाल खा. आयोडीनयुक्त मीठ बंद करूनही काही साधत नाही. याला अपवाद फक्त रेडिओ आयोडीनच्या आधीचा काळ.

तिसरं पाऊल: वही

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं हेच. मंदावलेल्या मेंदूला आपण मंदावलोय हे कळत नाही, आणि डॉक्टरांसमोर बसल्यावर "बरं वाटत नाही" याच्या पलीकडे शब्द सापडत नाही. दोनशे पानी वही घ्या. रोज पाच मिनिटं, त्याहून जास्त नको.

गोळी किती वाजता घेतली. रात्री किती तास झोप झाली. सकाळी उठल्यावर अंथरुणातच मोजलेली नाडी. एक-दोन शब्दांत मन कसं आहे. शौचाला साफ झालं का, थंडी वाजते का. रविवारी वजन.

आठवड्यातून दोनदा एक छोटी कसोटी. मी शंभरातून सात-सात वजा करत जायची आणि घड्याळ लावायची. मग उत्तरं पाठ झाली, म्हणून एकशे चारातून, एकशे अकरातून सुरू केलं. तुम्हाला गणित नको असेल तर एका मिनिटात 'क'ने सुरू होणारे शब्द लिहा, पुढच्या वेळी 'म'चे. ही काही वैद्यकीय चाचणी नाही. इतरांशी तुलना करायची नाही, आपलीच आपल्याशी करायची.

आणि महिन्यातून एकदा घरच्या कुणाला तरी त्याच वहीत चार ओळी लिहायला सांगा. माझ्या सुनेने लिहिलं होतं, "आई एकच गोष्ट तीनदा विचारतात आणि टीव्हीचा आवाज खूप मोठा ठेवतात." मला यातलं काहीच जाणवलं नव्हतं.

चौथं पाऊल: रक्त कधी द्यायचं

डोस सुरू केल्यावर किंवा बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी. हा आकडा कुठून आला ते सांगते, कारण कारण कळलं की धीर धरवतो. टी-४ सात दिवसांत निम्मं होतं. म्हणून नवा डोस रक्तात स्थिरावायला पाच-सहा आठवडे जातात. शिवाय टी-३ पेशीच्या केंद्रकात जाऊन जनुकांचं काम बदलतं. त्यातून नवी प्रथिनं घडतात, मग पेशीचा कारभार सुधारतो. डोकेदुखीच्या गोळीसारखं तासाभरात काही होत नाही. तिसऱ्या आठवड्यात केलेला टीएसएच आपली फसवणूक करतो.

रक्त सकाळी, त्या दिवसाची गोळी घेण्यापूर्वी, शक्यतो एकाच लॅबमध्ये. गोळी घेतल्यावर काही तास फ्री टी-४ (रक्तात मोकळं फिरणारं टी-४) वर चढलेलं असतं. केस-नखांसाठी बायोटिन घेत असाल तर ते किमान दोन दिवस आधी बंद ठेवा आणि लॅबला सांगा. काही यंत्रांमध्ये बायोटिनमुळे टीएसएच खोटाच कमी आणि टी-४ खोटंच जास्त दिसतं.

आकडा आला की तो वहीतल्या त्या आठवड्याच्या पानावर लिहा. दोन्ही शेजारी आले की गोष्ट उलगडते. टीएसएच चढलेला, नाडी संथ, वजाबाकी रेंगाळलेली, अंगात थंडी: शिधा कमी आहे. टीएसएच अगदी खाली, नाडी नव्वदच्या वर, झोप चार तास, हात थरथरतात, मन एका जागी ठरत नाही: शिधा जास्त झाला आहे. जास्तीनेही लक्ष लागत नाही, हे लोक विसरतात. उतारवयात जास्तीने हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा आणि हाडं ठिसूळ होण्याचा धोका असतो, म्हणून "थोडी जास्त घेतली तर डोकं चालेल" हा प्रयोग कुणी करू नये.

पाचवं पाऊल: गोळी बंद ठेवायचे आठवडे

कर्करोगाच्या काही रुग्णांना ऑपरेशननंतर रेडिओ आयोडीन देतात. मुंबईत परळला भाभा अणुसंशोधन केंद्राचं रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून या क्षेत्रात काम करतं आहे, आता इतर शहरांतही सोय झाली आहे. उरल्यासुरल्या पेशींनी आयोडीन ओढून घ्यावं म्हणून टीएसएच ३० च्या वर न्यावा लागतो. त्यासाठी गोळी तीन-चार आठवडे बंद ठेवतात.

हिशोब सोपा आहे. सातव्या दिवशी निम्मं, चौदाव्या दिवशी पाव, एकविसाव्या दिवशी आठवा हिस्सा, अठ्ठाविसाव्या दिवशी सोळावा. म्हणून पहिला आठवडा बरा जातो आणि माणूस बेसावध राहतो. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात अंधारून येतं.

याची तयारी गोळी बंद करण्याआधीच करा, डोकं चालतंय तोवर. वीजबिल, बँकेची कामं, सह्या आधी उरका. तिसऱ्या आठवड्यापासून दुचाकी, चारचाकी चालवू नका, ब्रेक दाबायला उशीर होतो. गॅसवर काही ठेवलं की गजर लावा. मोठे निर्णय पुढे ढकला. घरात सगळ्यांना एकत्र बसवून सांगा की या काळात मी चिडेन, विसरेन, झोपेन, आणि हे परत भरून येणारं आहे. आधीच नैराश्याचा त्रास असेल, हृदयविकार असेल, तर डॉक्टरांना टीएसएचच्या इंजेक्शनबद्दल जरूर विचारा. लागोपाठ दोन दिवस दोन इंजेक्शनं असतात आणि गोळी बंद करावी लागत नाही. महाग आहे, पण विचारायला पैसे पडत नाहीत.

याच काळात एक-दोन आठवडे कमी आयोडीनचा आहार असतो: आयोडीन नसलेलं मीठ, समुद्रातली मासळी बंद, दूध-अंडी कमी. मिठाचं पाकीट वाचून घ्या, सैंधव म्हणून विकलेल्या मिठातही कधी आयोडीन घातलेलं असतं. लोणचं, पापड, फरसाण यातलं मीठ विसरू नका.

गोळी परत सुरू झाल्यावरची माझी वही अशी आहे. दुसरा आठवडा: काही फरक नाही, रडू आलं. चौथा: थंडी गेली, बद्धकोष्ठ गेलं. सहावा: टीएसएच खाली आला, पण वजाबाकीला अजून दुप्पट वेळ. नववा: वर्तमानपत्रातलं शब्दकोडं पूर्ण सोडवलं. रक्त आधी सुधारलं, डोकं मागाहून. तुमचे आठवडे वेगळे असतील.

सहावं पाऊल: टीएसएच लक्ष्यात, तरी डोकं जड असेल तर

हे होतं, आणि ते तुमच्या मनाचे खेळ नाहीत. पण लगेच सगळं थायरॉइडवर ढकलू नका. बी-१२, हिमोग्लोबिन आणि लोहाचा साठा, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि साखर आधी तपासून घ्या. शाकाहारी घरांत बी-१२ची कमतरता खूप दिसते आणि तिची लक्षणं अगदी अशीच असतात. रात्री घोरणं आणि श्वास अडकणं आहे का, पाळी जाण्याचा काळ आहे का, कर्करोग ऐकल्याचा धक्का अजून उतरलाय का, हेही विचारा. मन फार खाली गेलं, जगणं नको वाटू लागलं, तर त्याच दिवशी कुणाला तरी सांगा. टेलि-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो.

हे सगळं नीट असेल तर टी-३ चा प्रश्न काढायला हरकत नाही. २०११ साली इटलीत ग्रंथी नसलेल्या १,८११ रुग्णांची तपासणी झाली. टीएसएच ठीक असूनही २० टक्क्यांहून जास्त जणांचं फ्री टी-३ किंवा फ्री टी-४ मर्यादेबाहेर होतं. उंदरांवरच्या प्रयोगांत असंही दिसलं की टी-४ भरपूर झालं की अनेक अवयवांतली चूल मंदावते, पण टीएसएच ठरवणारा मेंदूचा भाग तसा मंदावत नाही. म्हणजे पहारेकऱ्याचं पोट भरलेलं, आणि बाकीची पंगत अर्धपोटी.

मग टी-३ ची गोळी का देत नाहीत सरसकट? १९९९ साली ३३ रुग्णांच्या एका अभ्यासात टी-४ सोबत टी-३ दिल्यावर मनःस्थिती सुधारलेली दिसली आणि मोठी आशा निर्माण झाली. पुढच्या मोठ्या अभ्यासांत तसा फायदा एकूण रुग्णांत दिसला नाही. काही जणांना उपयोग होत असेल, पण नेमका कुणाला ते आधी सांगता येत नाही. टी-३ झपाट्याने चढतं आणि उतरतं, हृदयाचे ठोके बिघडू शकतात. युरोपियन थायरॉइड असोसिएशनने २०१२ मध्ये याला मर्यादित मुदतीचा, तज्ज्ञांच्या देखरेखीखालचा प्रयोग म्हणून वाव दिला. गरोदरपणात आणि हृदयाची लय बिघडलेली असेल तर नाही. ऑनलाइन मागवून घेण्याची ही गोष्ट नव्हे.

तरुण मुलींसाठी एक वेगळी ओळ. दिवस राहण्याचा विचार असेल तर आधीच टीएसएच दाखवा, आणि पाळी चुकून चाचणी पॉझिटिव्ह आली की त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. डोस सहसा २५ ते ३० टक्क्यांनी वाढवावा लागतो. पहिल्या तीन महिन्यांत बाळाची ग्रंथी तयार नसते, त्याच्या मेंदूची वाढ आईच्या टी-४ वर चाललेली असते.

म्हाताऱ्या माणसांच्या घरच्यांनी हे लक्षात ठेवा: बरेच दिवस गोळी चुकली आहे, त्यात ताप-खोकला किंवा कडाक्याची थंडी, आणि आजी सुस्त, अंग गार, विचारलं तर असंबद्ध बोलते. तिला झोपू देऊ नका, इस्पितळात न्या आणि पोचताच सांगा की थायरॉइड काढलेलं आहे. गळ्यावरचा व्रण पदराखाली कुणाला दिसत नाही.

डॉक्टरांकडे जाताना मी आता वहीतलं एक पान फाडून नेते. त्यावर एवढंच असतं: शेवटचे तीन टीएसएच तारखांसह, डोस आणि कंपनी, सकाळच्या नाडीची सरासरी, झोपेचे तास, वजाबाकीची मिनिटं, सुनेच्या चार ओळी, आणि माझे दोन प्रश्न. ते पान वाचायला डॉक्टरांना एक मिनिट लागतं, आणि उरलेला वेळ त्या दोन प्रश्नांना मिळतो.